बाबांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. तिथे नेमकं काय करतात? शॉक देतात का?

पहिल्या भेटीत मुख्यतः बोलणंच होतं. आल्या-आल्या शॉक कोणी देत नाही. मी जिल्हा पातळीवरच्या अशाच ओपीडीत समुपदेशक आहे, म्हणून रोजचं सांगतो. झोप, भूक, कामात मन लागतं का, दारू-खर्रा किती, कानात आवाज येतात का, घराण्यात आधी कोणाला असा त्रास होता का, हे विचारतात. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, असंही विचारतात. शाळा न शिकलेल्या माणसाला हेच बाजाराच्या हिशोबात विचारता येतं, तेव्हा बाबांना आधीच उत्तरं पाठ करून नेऊ नका (नेतात लोक!). "जीव द्यावासा वाटतो का?" हा प्रश्न थेट येतो. तो ऐकून घरचेच दचकतात, पण विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. मग तुमच्याशी वेगळं बोलतील. थायरॉईड, बी-१२, साखर यांसाठी रक्त तपासू शकतात, कारण उदासीचं मूळ कधी तिथेही निघतं. जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्या, वैदूचं औषध असेल तर तेही सोबत न्या. निदान त्याच दिवशी पक्कं होईलच असं नाही. मात्र बाबा मरणाचं बोलत असतील तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका: फवारणीचं औषध कुलपात ठेवा, त्यांना एकटं सोडू नका, थेट आपत्कालीन विभागात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.