वाचक विचारतात : बार फुल्ल, तरी ड्रोनचा व्हिडिओ का अडकतो?

प्रश्न : दादा, माझ्या वाय-फायवाल्या ड्रोनच्या ॲपमध्ये सिग्नलचे बार फुल्ल दिसतात, तरी ड्रोन तीनशे-चारशे मीटर लांब आणि जरा उंच गेला की व्हिडिओ अडकतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो. कधी अर्ध्या चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि दोनेक सेकंदात आपोआप साफ होतं. ड्रोन मात्र स्टिकचं सगळं ऐकतो. हे कसं काय? – एक हौशी ड्रोनवाला

उत्तर : चित्र आपोआप साफ होतं आणि ड्रोन स्टिकचं ऐकतो हे लिहिलंत ते बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे. स्टिकची कमांड म्हणजे काही डझन बाइट, आणि ती सेकंदाला कितीतरी वेळा जाते, त्यामुळे एखादी हरवली तरी मागून लगेच दुसरी येतेच, कुणाला कळतही नाही. व्हिडिओचं तसं नाही. १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम, असा न दाबलेला व्हिडिओ साधारण ७५० मेगाबिट प्रति सेकंद होतो आणि तो आपण पाच-दहा मेगाबिटमध्ये कोंबतो. कसा? तर एक पूर्ण चित्र पाठवायचं, त्याला आय-फ्रेम म्हणतात, आणि नंतर फक्त काय बदललं तेवढं सांगत राहायचं. म्हणजे मधलं एक पॅकेट, डेटाचं एक पुडकं, हरवलं की पुढचा सगळा हिशोब चुकीच्या चित्रावर चालू राहतो, पुढची आय-फ्रेम येईपर्यंत. तुमचं चित्र दोन सेकंदांनी साफ होतं, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची आय-फ्रेम बहुतेक दोन सेकंदांनी येते.

मग आय-फ्रेम वरचेवर का पाठवत नाहीत? कारण ती बाकीच्या फ्रेमच्या कितीतरी पट मोठी असते, तिच्या वेळी लिंकवर एकदम लोंढा येतो आणि नेमकी तीच अडकते. यावर मला आवडलेली युक्ती म्हणजे इंट्रा रिफ्रेश. पूर्ण चित्र एकदम पाठवायचंच नाही, प्रत्येक फ्रेममध्ये एक उभी पट्टी तेवढी ताजी करायची आणि ती पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची. खराब झालेलं चित्र पुसत पुसत साफ होत जातं, लोंढा येतच नाही.

आता बार. बार फक्त समोरचा किती जोरात बोलतोय ते सांगतात, आजूबाजूला किती कालवा आहे ते नाही. त्यात वाय-फायचा शिष्टाचार असा की बोलण्याआधी कान द्यायचा, चॅनल मोकळा असेल तरच बोलायचं. जमिनीवर भिंती आणि झाडं मध्ये असतात म्हणून दूरचे राउटर ऐकू येत नाहीत, पण ड्रोन शंभर मीटर वर गेला की त्याला खालचे सगळेच ऐकू येतात आणि बिचारा आपली पाळी यायची वाट बघत बसतो. शिवाय अंतर वाढलं की वाय-फाय वेग उतरवतं. ८०२.११एन हा वाय-फायचा प्रकार, एक अँटेना, २० मेगाहर्ट्झ चॅनल घेतलं तर वरचा वेग ६५ मेगाबिट आणि सगळ्यात खालचा ६.५, तोही कागदावरचा. आता या ६.५ मध्ये ८ मेगाबिटचा व्हिडिओ कसा बसणार! रांग लागते, रांगेत उशीर होतो, आणि तुम्हाला दिसतं ते अडकलेलं चित्र आणि मग उडी.

उशिराचं गणितही बघा, ड्रोन सेकंदाला १५ मीटर जातोय आणि चित्र २०० मिलिसेकंद मागे आहे, तर तुम्ही बघताय ती जागा ३ मीटर मागे राहिली. म्हणून लाइव्ह व्हिडिओत उशिरा आलेलं पॅकेट आणि न आलेलं पॅकेट यात काडीचा फरक नाही, आणि हरवलेलं पुन्हा पुन्हा मागत बसलं तर मागच्या ताज्या पॅकेटांचा खोळंबा होतो. त्यापेक्षा आधीच थोडं जास्तीचं पाठवून ठेवलेलं बरं. ८ पॅकेटांमागे ४ जादा बनवायची, १२ पैकी कुठलीही ८ पोचली की मूळची आठही परत मिळतात. ही रीड-सॉलोमन कोडची करामत, १९६० सालची. हौशी लोकांनी याच पद्धतीवर वाय-फायची कार्डं वापरून ड्रोनचा व्हिडिओ चालवलाय, ना कनेक्शन जोडायचं ना पोचपावती मागायची, नुसतं हवेत सोडून द्यायचं. दीडपट डेटा जातो खरा, पण उशीर आटोक्यात राहतो.

तुम्ही करायचं काय, तर बिटरेट (व्हिडिओचा सेकंदाला जाणारा डेटा) कमी करा, चॅनल बदलून बघा आणि अँटेना बघा. मी स्वतः एकदा आठवडाभर कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाने बोटं मोडत होतो, सगळी सेटिंग बदलून झाली, आणि शेवटी कळलं की मी रिमोटच्या अँटेनाची टोकं ड्रोनकडे रोखून धरत होतो. सरळ दांडीच्या अँटेनाचा सिग्नल दांडीभोवती टायरच्या ट्यूबसारखा पसरतो, टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच जात नाही. ड्रोनकडे दांडीची बाजू हवी, टोक नको.

प्रश्न : जुन्या ॲनालॉग एफपीव्हीत (ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवताना) लांब गेलं की आधी मुंग्या यायच्या, मग जास्त मुंग्या, आपण वेळेत मागे फिरायचो. डिजिटलमध्ये चित्र आत्ता चकाचक आणि पुढच्या क्षणी गायब. पुढे गेलो का मागे आलो? – एक जुना खेळाडू

उत्तर : दोन्ही! ॲनालॉगमध्ये सिग्नल थोडा बिघडला की चित्र थोडंच बिघडतं. डिजिटलमध्ये कोड ठरावीक गोंगाटाच्या हिशोबाने निवडलेला असतो, त्या रेषेच्या वर सगळं छान आणि खाली काहीच नाही. संशोधक याला कडा म्हणतात, डोंगराच्या कड्यासारखा.

पण ॲनालॉगचा तो गुण डिजिटलमध्ये आणायचा प्रयत्न झालाय. एमआयटीत शिमोन याकुबचाक आणि दिना कताबी यांनी २०१०-११ च्या सुमारास सॉफ्टकास्ट नावाची पद्धत मांडली. व्हिडिओचं गणिती रूपांतर करायचं, पण जे आकडे येतात त्यांचे बिट न बनवता ते आकडेच कमी-जास्त ताकदीच्या लहरी म्हणून पाठवायचे. हवेत गोंगाट मिसळला की आकडा थोडा हलतो आणि चित्रातला ठिपका थोडासाच चुकतो. म्हणजे तुमच्या मुंग्या परत आल्या, आणि एकच प्रसारण जवळच्याला स्वच्छ आणि लांबच्याला धूसर दिसतं. मला हे काम फार देखणं वाटतं, पण बाजारात का नाही तेही उघड आहे. नेहमीची वाय-फाय चिप बिटच मागते, असे सुटे आकडे घेतच नाही, आणि मूळ पद्धतीत बऱ्याच फ्रेम एकत्र घेऊन रूपांतर करतात, त्यात वेळ जातो. ड्रोन उडवताना तोच तर नसतो आपल्याकडे.

प्रश्न : ड्रोन जोरात उडतो म्हणून डॉप्लरमुळे, म्हणजे वेगामुळे लहरींची फ्रिक्वेन्सी सरकते त्यामुळे, व्हिडिओ बिघडतो असं एकाने सांगितलं. खरं का?

उत्तर : नाही हो. सेकंदाला २० मीटर वेग आणि २.४ गिगाहर्ट्झ धरलं तर सरकणं येतं १६० हर्ट्झ. ८०२.११एन मध्ये डेटा बऱ्याच उपवाहक लहरींवर वाटून जातो, आणि शेजारच्या दोन उपवाहकांमधलं अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ असतं. हत्तीच्या पाठीवर माशी.

प्रश्न : ड्रोनमध्ये सिम टाकलं की रेंजची कटकटच संपली ना?

उत्तर : संपत नाही, फक्त वेगळी होते. मोबाइल टॉवरच्या अँटेना खाली झुकवलेल्या असतात, कारण गिऱ्हाईक जमिनीवर आहे. वर ड्रोनला मिळतो तो अँटेनाच्या बाजूने सांडलेला सिग्नल. आणि वर आडोसा नसल्याने त्याला एकाच वेळी कितीतरी टॉवर दिसतात, त्या सगळ्यांना तो त्रासही देतो. मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज १५ मध्ये ड्रोनसाठी सोयी घातल्या, उदाहरणार्थ उंची नेटवर्कला कळवणं. आणखी एक, ड्रोनचा व्हिडिओ वर चढवायचा (अपलोड) असतो, आणि नेटवर्कची बहुतेक क्षमता खाली उतरवण्यासाठी (डाउनलोड) राखलेली असते. फोनवर पिक्चर झकास चालतो म्हणून तिथून लाइव्ह तेवढंच झकास जाईल असं धरून चालू नका. आणि कंट्रोल तर एकट्या सिमवर कधीच सोडू नका.

प्रश्न : दादा, शेवटच्या वर्षाला चार ड्रोनचं मेश (एकमेकांमार्फत डेटा पुढे देणारं जाळं) करून व्हिडिओ पुढे पाठवायचा प्रोजेक्ट घेतलाय, एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये. डेटाचा रस्ता ठरवायला ओएलएसआर प्रोटोकॉल वापरू का एओडीव्ही? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तो वाद दोन आठवडे बाजूला ठेव. दोन्ही प्रोटोकॉल २००३ साली आरएफसी (इंटरनेटच्या पद्धतींचे जाहीर दस्तऐवज) म्हणून आले, उडणारे ड्रोन तेव्हा कुणाच्या डोळ्यासमोर नव्हते. ओएलएसआरमध्ये हॅलो संदेश, म्हणजे शेजाऱ्यांना ‘मी आहे’ अशी हाक, मुळात दर २ सेकंदांनी जातो आणि शेजारी गेला हे मान्य करायला ६ सेकंद लागतात. दोन ड्रोन प्रत्येकी सेकंदाला १५ मीटरने विरुद्ध दिशेला निघाले तर तेवढ्यात त्यांच्यातलं अंतर १८० मीटरने वाढलेलं असतं, आणि तुझा व्हिडिओ अजून त्या गेलेल्या शेजाऱ्याकडेच जातोय! हे आकडे कमी करून बघ, पण मग हॅलोचीच गर्दी किती होते तेही मोज. त्यापेक्षा प्रत्येक ड्रोनला आपली जागा आणि वेग जीपीएसवरून माहीत असतोच, तो हॅलोमध्ये घालून लिंक तुटायच्या आधीच रस्ता बदलता येतो का, हा प्रश्न घे, त्यात करण्यासारखं खूप आहे.

सगळे एकाच चॅनलवर असतील तर मधला ड्रोन एका वेळी एकतर ऐकेल नाहीतर बोलेल, त्यामुळे दोन टप्प्यांत वेग निम्मा आणि तीन टप्प्यांत तिसरा हिस्सा होतो. सिम्युलेटरमधला ड्रोन वळताना कलत नाही, खरा कलतो आणि त्याच्याबरोबर अँटेनाही, तेवढं तुला स्वतः घालावं लागेल. आणि सरासरी थ्रूपुटचा (सेकंदाला पोचलेल्या डेटाचा) ग्राफ काढून खूश होऊ नकोस. प्रत्येक पॅकेटवर क्रमांक आणि निघाल्याची वेळ टाक, आणि १०० पैकी किती फ्रेम १५० मिलिसेकंदांच्या आत पूर्ण पोचल्या तो आकडा पहिल्या पानावर लिही.