वकिलीची सनद अडली तर

अगं, “पुढच्या आठवड्यात बघू” हे बार कौन्सिलचं उत्तर ऐकून इंदूरच्या राजवाड्यावर पोहे खात बसू नकोस. जात बघून सनद (वकिलीचा परवाना) अडवतायत असं वाटलं, तर आधी अर्जाच्या प्रतीवर तारखेसकट पोचशिक्का घे. मी घेतला नव्हता. आठ महिने “अर्ज आलाच नाही” ऐकलं. 1961 च्या अधिवक्ता कायद्याचं कलम 26 वाच: राज्य बार कौन्सिलला (सनद देणाऱ्या संस्थेला) अर्ज परस्पर फेटाळता येत नाही, कारणांसह बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेकडे, मत घ्यायला पाठवावा लागतो. तरी हललं नाही, तर राज्यघटनेचं कलम 14 (समानता) आणि 15 (जातीवरून भेदभावाला बंदी) धरून हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात घटनेच्याच कलम 226 खाली रिट अर्ज कर. नोंदणी फी 750 रुपयांच्या वर (अनुसूचित जाती-जमातींना 125 च्या वर) मागितली, तर सुप्रीम कोर्टाचा जुलै 2024 चा निकाल पुढे कर. स्टँप ड्यूटी वेगळी. टोमणे मात्र त्याच रात्री वहीत उतरव, शब्दन्‌शब्द.