विचारा, सांगतो : सत्तरीचा गायक आणि बारा हजारांचं तिकीट

प्रश्न : काका, नमस्कार. मी ४८ वर्षांचा आहे. शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि हप्त्यावर घेतलेलं एक सीएनसी. कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर एका इंग्लिश बँडच्या कॅसेटी फीत तुटेपर्यंत ऐकल्या. तो बँड आता मुंबईत येतोय. (नाव छापू नका, बायको हे सदर वाचते.) गायकानं सत्तरी ओलांडलीय. मैदानातलं लांबचं तिकीट साडेसात हजार, स्टँडमधलं बारा हजार, स्टेजसमोरचं २८ हजार. बायको म्हणते, त्या पैशात गच्चीचं वॉटरप्रूफिंग होईल. पोरगा म्हणतो, यूट्यूबवर फुकट आहे की सगळं. मला भीती वेगळीच आहे. एवढं करून गेलो आणि म्हाताऱ्याला गाताच आलं नाही तर? जावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बायको सदर वाचते म्हणताय, तर आधी त्यांच्याशीच बोलतो. वहिनी, गच्ची यंदा गळेल, पुढच्या वर्षीही गळेल, आणि वॉटरप्रूफिंग केल्यावरही दोन पावसाळ्यांनी गळेल. कोल्हापूरच्या पावसापुढं कुणाची गच्ची टिकलीय? त्या म्हाताऱ्याचं मात्र पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं. तेव्हा जाऊ द्या यांना. पण २८ हजारांच्या तिकिटाच्या बाबतीत मीही तुमच्याच बाजूनं आहे.

आता तुमच्याकडं वळतो. मी तीस वर्षं या गावात साऊंड सर्व्हिस चालवली. कर्ण्यांपासून सुरुवात केली आणि डॉल्बीच्या भिंती यायला लागल्यावर कानाला हात लावून धंदा पुतण्याच्या ताब्यात दिला. त्यामुळं माझा सल्ला थोडा माईकवाल्याचा आहे, तो तसाच घ्या.

७ एप्रिल २००३ ला रोलिंग स्टोन्स हा जुना इंग्लिश रॉक बँड मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवायला आले होते. मी गेलो. दोन लग्नांचं साऊंडचं भाडं त्यात गेलं, आणि आमच्या घरात गच्चीऐवजी मिक्सर-ग्राइंडरचा विषय होता, एवढाच फरक. त्यांचा गायक मिक जॅगर तेव्हा ५९ वर्षांचा. रांगेत सगळे हेच म्हणत होते की, म्हातारे झाले, आता बघून घ्यायचं, परत काही हे यायचे नाहीत. परत आले नाहीत हे खरं. पण हाच जॅगर २०२४ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ८० व्या वर्षी, अमेरिकाभर दौरा करत होता, आणि त्या दौऱ्याची प्रायोजक होती तिकडची पन्नाशीपुढच्या लोकांची संघटना. हे वाचून मी चहा सांडला होता.

ब्रेबॉर्नवर मी जॅगरकडं फार बघितलंच नाही. मी बघत होतो ड्रमवाल्या चार्ली वॉट्सकडं. बँडमधला सगळ्यांत शांत माणूस. ताठ बसायचा, ड्रमचा संचही लहानच. त्याची एक सवय होती : डावा हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, पडला की उजवा हात हाय-हॅटवरनं, म्हणजे झांजांच्या जोडीवरनं, किंचित उचलायचा. दोन्ही एकदम वाजत नसत, मध्ये बारीकशी फट पडायची, आणि त्या फटीमुळंच ते गाणं डुलत चालल्यासारखं वाटायचं. कॅसेटवर हे ऐकलं होतं, पण का होतंय ते कळत नव्हतं. त्या रात्री मोठ्या पडद्यावर तो हात उचललेला दिसला आणि माझे पैसे वसूल झाले. २४ ऑगस्ट २०२१ ला वॉट्स गेला, ८० वर्षांचा होऊन. तुमच्या पोराला सांगा, यूट्यूबवर तो हात अजूनही दिसतो. पण काय बघायचं हे मला त्या मैदानात कळलं.

आता दुसरी बाजू. पुढं काही वर्षांनी आणखी एका नावाजलेल्या बुजुर्गाला ऐकायला गेलो, या वेळी हट्टानं पुढचं तिकीट काढून. नाव घेत नाही. वरच्या सुराची ओळ आली की गडी माईक लोकांकडं करायचा. म्हटलं, असू दे, लोकांना मजा येते. मग एका गाण्यात माईक त्याच्या छातीपाशी होता आणि आवाज मात्र येतच राहिला, स्वच्छ, पंचविशीतला. माईकवाल्याला हे दिसल्याशिवाय राहतंय होय? आपल्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात मागून ट्रॅक लावतात, तोच प्रकार, फक्त शंभरपट भाड्यात. परतीच्या गाडीत मला राग त्याच्या वयाचा नव्हता, लपवालपवीचा होता.

तुमच्या भीतीचं उत्तर मला इथंच दिसतं. गाता येईल का, हे विचारूच नका. पहिल्यासारखं नाहीच येणार. साठीनंतर पट्टी उतरतेच. आपल्याकडं काळी दोनमध्ये गाणारा काळी एकवर आला तर कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. रॉकवाल्यांची पंचाईत अशी की, गाणं केलं तेव्हा गायक पोरसवदा होता, बेंबीच्या देठापासून ओरडला, आणि लोकांनी ती रेकॉर्ड जशीच्या तशी पाठ केली. आता त्याच ओळीवर त्याला रोज रात्री उभं राहायचंय. आपल्या आखाड्यात जुन्या मल्लाला बोलावतात, फेटा बांधतात, दोन शब्द बोलायला लावतात आणि कुस्ती पोरांची लावतात. यांच्याकडं फेटाही म्हाताऱ्यालाच आणि कुस्तीही म्हाताऱ्यालाच.

म्हणून बघायचं ते एवढंच, की गेलेल्या आवाजाचं त्यानं काय केलंय. आपण अल्लादिया खाँसाहेबांच्या गावचे लोक. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गायक म्हणून इथं ठेवून घेतलं, पण त्याच्या आधी, तरुणपणीच, अति गाण्यानं त्यांचा आवाज गेला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या उरलेल्या आवाजातून त्यांनी जी वळणावळणाची गायकी घडवली, तीच आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणून जग ऐकतं. खाँसाहेबांशी कुणा गिटारवाल्याची तुलना करतोय म्हणून आपल्या गाण्याच्या देवल क्लबातले जुने श्रोते मला शिव्या घालतील. घालू देत. मुद्दा तोच आहे. गिटारी अर्धा-एक सूर खाली लावून, लय थोडी सोडून, जो आपलं गाणं आजच्या गळ्यात बसवतो, त्याचं तिकीट काढावं. जेनेसिस या इंग्लिश बँडचा ड्रमवाला-गायक फिल कॉलिन्स. त्याला पाठीच्या दुखण्यामुळं ड्रम वाजवता येईना, तर मार्च २०२२ मध्ये लंडनला बँडच्या शेवटच्या कार्यक्रमात तो खुर्चीवर बसून गायला आणि मागं ड्रमवर त्याचा मुलगा होता. कुणापासून काही लपवलं नाही. ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, आपल्या गावच्या मैदानावर, सिंहासनावर बसूनच गायला. उभं राहवत नव्हतं. त्यानंतर १७ दिवसांनी तो गेला. त्या रात्री ज्यांनी तिकीट काढलं होतं, त्यांना आज कुणी विचारत नसेल, सूर लागले होते का म्हणून.

तुमच्या गायकाचं काय आहे, ते घरबसल्या कळतं. बँडनं स्वतः टाकलेला व्हिडिओ बघू नका, तो धुऊन-पुसून टाकलेला असतो. याच दौऱ्यातला, गेल्या दोन-तीन महिन्यांतला, प्रेक्षकानं मोबाइलवर काढलेला हलता-डुलता व्हिडिओ शोधा. शेवटची दोन-तीन गाणी ऐका, पहिलं नको. पहिल्याला सगळ्यांचाच गळा ताजा असतो. कानाला हेडफोन लावून ऐका आणि स्वतःला विचारा, हा माणूस आज गातोय का?

आणि बँडच्या नावावर जाऊ नका, माणसं मोजा. गन्स एन रोझेस हा अमेरिकन बँड. डिसेंबर २०१२ मध्ये भारतात आले, तीन शहरांत वाजवून गेले, पण त्यात त्यांचा गाजलेला गिटारवाला स्लॅश नव्हता. तेच नाव मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर आलं तेव्हा स्लॅशही होता आणि जुना बेस गिटारवाला डफ मकेगनही. पाटी एकच, माल वेगळा. तशीच गोष्ट 'निरोपाच्या दौऱ्या'ची. नाटकवाले 'शेवटचे पाच प्रयोग' म्हणून जाहिरात देतात आणि सहा महिन्यांनी तेच नाटक पुन्हा लागतं, तसं हे. किस या बँडनं २००० साली निरोपाचा दौरा काढला आणि खरंच थांबले ते डिसेंबर २०२३ मध्ये. तेव्हा 'शेवटची संधी' असं छापलंय म्हणून घाई करू नका.

तिकीट एवढं महाग का, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण वहिनी विचारतील. तुमच्या-माझ्या काळात दौरा काढायचे तो रेकॉर्ड खपावी म्हणून. आता रेकॉर्ड कुणी विकत घेत नाही, मोबाइलवर ऐकण्याचे गायकाला पैसे नावापुरते मिळतात, त्यामुळं पोट दौऱ्यावर आलं. मानधन डॉलरमध्ये, सामान विमानानं. वर आपल्याकडं ५०० रुपयांपुढच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी. परदेशात तर गर्दी बघून भाव चढवतात : ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लिश बँड ओअॅसिसची तिकिटं निघाली तेव्हा सुमारे १५० पौंडांचं उभ्याचं तिकीट रांगेतल्या लोकांच्या डोळ्यांदेखत ३५५ पौंडांवर गेलं. त्या मानानं तुम्ही सुखी आहात.

आता तीन तिकिटांतलं कुठलं? स्टेजसमोरचं २८ हजारांचं मुळीच नको. तिथं मोठ्या स्पीकरचा बेस पोटात बसतो आणि गायकाचे शब्द डोक्यावरनं मागं जातात. तिथं घाम दिसतो, गाणं ऐकू येत नाही. साडेसात हजारांचं लांबचंही नको. खासबाग मैदान आठवा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलं ते असं, की कुठंही बसा, आखाडा दिसतो. मुंबईची मैदानं सपाट. तुमच्यापुढं सहा फुटी पोरगं मोबाइल वर धरून उभं राहिलं की तुम्ही साडेसात हजार देऊन त्याच्या मोबाइलवर कार्यक्रम बघणार. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर मागं उभे असाल तर ढोलावर काठी पडलेली आधी दिसते, ऐकू नंतर येते. त्यासाठी मैदानात मध्ये मनोरे उभे करून त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. पण डोळा आणि कान यांचं भांडण काही मिटत नाही.

स्टँडमधलं बारा हजारांचं घ्या. बसायला जागा, उंचावरनं सगळं दिसतं. ४८ व्या वर्षी गुडघ्यांचाही विचार करावा, पाच तास उभं राहायचं म्हणजे चेष्टा नव्हे. जागा निवडता येत असेल तर मैदानात मध्यभागी जो तंबू असतो, ज्यात मिक्सरवर साऊंडवाला बसतो, त्याच्या सरळ मागची निवडा. तो जे ऐकतोय तेच त्याला बरं वाटेपर्यंत लावत असतो, त्यामुळं सगळ्यांत चांगला आवाज त्याच्या रेषेत. हे कुठल्याही तिकिटावर छापलेलं नसतं.

खर्च बारा हजार धरू नका, अठरा धरा. बुकिंगचा आकार आहे, आत पाण्याची बाटलीसुद्धा बाहेरच्या भावात मिळत नाही, आणि परतीचं आधी बघा. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री आठ-साडेआठलाच मुंबई सोडते. तुमचा म्हातारा शेवटचं गाणं म्हणत असताना ती कर्जत-लोणावळ्याकडं धावत असेल. उघड्यावरचा कार्यक्रम सहसा रात्री दहाला थांबवावा लागतो, तेव्हा रात्रीची उशिराची स्लीपर काढा किंवा कुणा नातेवाइकाकडं अंथरूण सांगून ठेवा. आणि त्या खोलीवाल्या मित्राला फोन करा. कॅसेटी त्याच्या होत्या ना?

प्रश्न : काका, तिकिटं संपली. इचलकरंजीतल्या एका ग्रुपवर ओळखीच्या ओळखीचा एक जण दुप्पट भावात द्यायला तयार आहे. घेऊ का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्ले या इंग्लिश बँडच्या मुंबईतल्या कार्यक्रमाची तिकिटं निघाली ती अडीच हजारांपासून ३५ हजारांपर्यंत, आणि काही वेळातच ती बाहेर लाखांत विकायला आली. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं. ते वाढीव पैसे ना गायकाला जातात, ना त्या मिक्सरवरच्या साऊंडवाल्याला. शिवाय आताचं तिकीट म्हणजे मोबाइलवरचा चौकोन. तो एक माणूस दहा जणांना पाठवू शकतो, आणि गेटवर जो पहिला पोहोचेल तो आत. उरलेले नऊ जण बाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी एकमेकांची ओळख करून घेतात.

वाट बघा. स्टेज उभं राहिलं, खांब कुठं येतात ते ठरलं, की राखून ठेवलेल्या काही जागा संयोजक शेवटच्या आठवड्यात विक्रीला काढतात. तेव्हा रोज सकाळी अधिकृत अॅप उघडून बघायचं. तोवर त्या ओळखीच्या ओळखीच्याला म्हणावं, तूच जा आणि सांग कसा गायला ते.