हाशिरा ‘शहीद’ झाले, ‘हुतात्मा’ झाले की ‘धारातीर्थी’ पडले?

प्रश्न असा आहे. ‘डेमन स्लेयर’ या जपानी ॲनिमे मालिकेवर लेख लिहिताना एका वाचकांनी ‘नऊ हाशिरांपैकी सहा शहीद झाले’ असे वाक्य लिहिले. हाशिरा म्हणजे या कथेत माणसे खाणाऱ्या राक्षसांशी लढणाऱ्या दलातले सर्वांत श्रेष्ठ नऊ योद्धे. त्यावर एका मित्राने ‘शहीद’च्या जागी ‘हुतात्मा’ घालायला सुचवले, तर दुसऱ्याने ‘धारातीर्थी पडले’ हाच अस्सल मराठी प्रयोग असल्याचे सांगितले. यांपैकी काय लिहावे, आणि ‘हाशिरा’ला सरळ ‘स्तंभ’ म्हणावे का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तरात मी कोयोहारू गोतोगे यांच्या 2016 ते 2020 या काळात प्रसिद्ध झालेल्या मूळ मांगामधील (जपानी चित्रकथेतील) कथानक धरले आहे. ज्यांनी केवळ ॲनिमे आणि चित्रपट पाहिले आहेत, त्यांना पुढची कथा येथे आधीच कळेल, याची कल्पना देऊन ठेवतो.

तिन्ही शब्दांत चुकीचा एकही नाही. सहाही जणांबद्दल एकत्रित बोलायचे असेल, तर मी साधे ‘मारले गेले’ किंवा ‘मृत्युमुखी पडले’ असे लिहीन, कारण या सहा जणांचे मृत्यू एकमेकांपासून फार वेगळे आहेत आणि मराठीत त्या प्रत्येकासाठी वेगळा, नेमका प्रयोग उपलब्ध आहे. लेखात एकेकाबद्दल लिहिताना ही संपत्ती वापरली नाही, तर ते मला नुकसान वाटते.

‘शहीद’ मूळचा अरबी शब्द; त्याचा मूळ अर्थ साक्ष देणारा असा आहे. मराठीत तो जुना आहे, पण आज तो लढाईतल्या कोणत्याही मृत्यूला लावला जातो, तो मुख्यतः हिंदी बातम्यांच्या प्रभावाने. ‘हुतात्मा’ त्या मानाने अर्थाला घट्ट धरून आहे. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून मुंबईत हुतात्मा चौक उभा राहिला आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. हाशिरांपैकी तो अक्षरशः लागू पडतो तो शिनोबू कोचोला. तिच्या थोरल्या बहिणीला, कानाएला, दोमा नावाच्या राक्षसाने मारले होते. आपल्या अंगात राक्षसाचे मुंडके उडवण्याइतके बळ नाही हे शिनोबूला ठाऊक होते, म्हणून वर्षाहून अधिक काळ ती राक्षसांना मारक असलेले विस्टेरियाच्या फुलांचे विष स्वतःच्या शरीरात भिनवत राहिली. दोमाने तिला गिळले तेव्हा त्याच्या पोटात गेली ती 37 किलो वजनाची, नखशिखान्त विषाने भरलेली शिनोबू, म्हणजे प्राणघातक मात्रेच्या सुमारे 700 पट विष. आणि त्या विषाने पोखरलेल्या दोमाला पुढे तिची शिष्या कानाओ आणि दलातलाच इनोसुके यांनी संपवले. आहुती भक्षिली जाते आणि भक्षिली जाण्यासाठीच दिली जाते, त्यामुळे येथे ‘शिनोबूने आत्माहुती दिली’ यापेक्षा नेमके वाक्य मला सुचत नाही. ‘हुतात्मा’ हे रूप स्त्रीलाही तसेच लागते. ‘शिनोबू हुतात्मा झाली’ हे पूर्णपणे शुद्ध आहे.

आता ‘धारातीर्थी’. यातली धारा पाण्याची नाही, शस्त्राची आहे. तलवारीच्या धारेलाच तीर्थ मानायचे आणि रणात पडणाऱ्याला त्या तीर्थात देह ठेवल्याचे पुण्य द्यायचे, अशी ही कल्पना आहे. ‘धारातीर्थ’ या शब्दाचे हे सप्तमीचे रूप असल्यामुळे त्याला ‘पडणे’ हेच क्रियापद लागते. ‘धारातीर्थी झाले’ असे हल्ली वाचायला मिळते, ते चूक आहे, आणि ‘धारातिर्थी’ असा ऱ्हस्व ‘ति’ही चूक आहे. बंदुकीच्या गोळीने पडलेल्या सैनिकालाही आपण हा प्रयोग लावतो, म्हणजे त्याचा अर्थ विस्तारला आहे आणि त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. तरीही मूळ अर्थ शंभर टक्के जुळतो असा एक हाशिरा या कथेत आहे: 14 वर्षांचा मुइचिरो तोकितो. कोकुशिबो हा स्वतः तलवारबाज राक्षस. मुइचिरोने आपली तलवार त्याच्या अंगात खुपसली आणि ती सोडली नाही. कोकुशिबोच्या वाराने कमरेपासून देहाचे दोन तुकडे झाले तरी त्याची मूठ सैल झाली नाही. मुइचिरो धारातीर्थी पडला, असे निःशंकपणे लिहावे.

क्योजुरो रेंगोकुचा मृत्यू मात्र धारेने झालेला नाही. त्याच्याशी लढणारा आकाझा हा राक्षस शस्त्र वापरत नाही, नुसत्या हातांनी लढतो, आणि त्याचाच हात रेंगोकुच्या छातीखालून आरपार जातो. त्याच्यासाठी मी ‘वीरमरण पत्करले’ असे लिहीन, आणि त्यातही ‘आले’ न लिहिता ‘पत्करले’ लिहीन. ‘पत्करणे’ म्हणजे दुसरा मार्ग खुला असताना एखादी गोष्ट जाणूनबुजून अंगावर घेणे. आकाझा त्याला लढाईच्या आधी आणि लढाई चालू असतानाही पुन्हा पुन्हा सांगत असतो की, तू राक्षस हो, म्हणजे तुला म्हातारपणही नाही आणि मरणही नाही. रेंगोकु ते प्रत्येक वेळी नाकारतो. त्याआधी राक्षसाच्या तावडीत सापडलेल्या रेल्वेगाडीतल्या 200 प्रवाशांपैकी एकालाही तो मरू देत नाही. हा सारा नकार ‘पत्करले’ या एका क्रियापदात येतो, आणि ‘वीरमरण आले’ म्हटले की तो निसटतो.

ग्योमेई हिमेजिमा हा आंधळा, जपमाळ बाळगणारा, अमिदा बुद्धाचे नाम घेणारा शिला-हाशिरा. सर्व राक्षसांचा मूळपुरुष असलेल्या मुझानशी झालेल्या शेवटच्या लढाईत त्याचा एक पाय गेला होता. मुझान संपल्यावर औषध घेऊन आलेल्यांना तो सांगतो की, माझ्यावर ते वाया घालवू नका, तरुणांना द्या. मग देवळात त्याने सांभाळलेली, फार पूर्वी मारली गेलेली मुले त्याला भेटायला येतात आणि तो शांतपणे जातो. संतांविषयी आणि विरक्त माणसांविषयी आपण ‘देह ठेवला’ म्हणतो, तेच येथे योग्य आहे. रणांगणावरच्या मृत्यूला हा प्रयोग सहसा लागत नाही, ग्योमेईला लागतो. मित्सुरी कानरोजी आणि ओबानाई इगुरो यांनी एकमेकांच्या मिठीत, पुढच्या जन्मी लग्न करण्याचे वचन देऊन प्राण सोडला. तेथे कोणताही भारदस्त शब्द आणू नये.

उरलेल्या तिघांविषयी वाचकांनी विचारलेले नाही, पण त्यांच्यासाठीही मराठीत उत्तम शब्द आहेत. तेंगेन उझुईचा डावा डोळा आणि डावा हात गेला, आणि तो हाशिरापदावरून पायउतार झाला. त्याला ‘जखमी’ म्हणणे अपुरे आहे, कारण जखम भरून येते. लढाईत कायमचा निकामी झालेल्यासाठी ‘जायबंदी’ हा शब्द आहे आणि तो वापरात राहायला हवा. गियू तोमिओकाचा उजवा हात गेला, सानेमी शिनाझुगावाची बोटे तुटली. दोघे ‘वाचले’ असे लिहिणे चुकीचे ठरणार नाही, पण मी ‘मागे उरले’ असे लिहीन. वाचण्यात सुटकेचा भाव असतो. सानेमीचा धाकटा भाऊ गेन्या त्याच्या डोळ्यांदेखत राख होऊन गेला, गियूने बहीण आणि जिवलग मित्र आधीच गमावले होते, आणि लढताना बळ वाढवणारी जी खूण अंगावर उमटली तिच्यामुळे दोघांनाही पंचविशीपलीकडे आयुष्य नाही, असे कथा सांगते.

‘हाशिरा’ म्हणजे खांब. जपानीत देवांची संख्या मोजतानाही हाच शब्द लावतात, आणि तो ज्या चिन्हाने लिहितात त्याच्या रेघा नऊ आहेत. हाशिरांची संख्या नऊ असण्याचा संबंध याच्याशी आहे. मराठीत ‘एका खांबावर द्वारका’ ही म्हण आहे, घरातल्या कर्त्या माणसाला आपण आधारस्तंभ म्हणतो, त्यामुळे अर्थ कळायला अडचण पडणार नाही. मात्र ‘अग्निस्तंभ मारला गेला’ असे वाचताना डोळ्यांपुढे वास्तू येते, माणूस येत नाही. म्हणून अर्थ एकदा सांगून पुढे ‘हाशिरा’च ठेवावे, आणि त्याची रूपे ‘हाशिराने’, ‘हाशिरांनी’ अशी करावीत.

एक प्रयोग अजून राहिला. 1761 मध्ये पानिपतच्या पराभवाची खबर देणाऱ्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रात मोती आणि मोहरा, म्हणजे मोठी माणसे, मोजल्या आहेत; खुर्दा, म्हणजे साधे सैनिक, किती गेला त्याची मोजदाद नाही. या कथेतही मुझानपुढे हाशिरांना वाचवण्यासाठी साध्या शिलेदारांनी स्वतःच्या देहांची भिंत केली, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला कळत नाहीत. जुन्या पत्रव्यवहारात अशांसाठी ‘कामास आले’ किंवा ‘कामी आले’ असे लिहीत. उपयोगी पडणे आणि लढताना मरणे हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र आहेत, म्हणून लेखात या लोकांचा उल्लेख येणार असेल तर ‘हाशिरांची ढाल होऊन अनेक शिलेदार कामी आले’ असे लिहावे.