नोकरी, दोन लहान मुलं, आठवड्याला जेमतेम आठ तास. वर्षभरात पूर्ण अंतराची ट्रायथलॉन (सलग 3.8 किलोमीटर पोहणं, 180 सायकल, 42.2 धावणं) जमेल का?

जमेल. पण प्रश्नात खाली तुम्ही लिहिलंय, ‘हाफ मॅरेथॉन झालीये, म्हणून आधी धावणं वाढवतोय’, तिथे माझं डोकं तडकलं. धावणाऱ्या मित्रमंडळींशी माझं जुनं भांडण आहे ते यावरूनच. 42.2 किलोमीटर शेवटी येतात म्हणून सगळे त्यांनाच घाबरतात. शर्यत मोडते ती त्याआधीच्या सायकलच्या 180 मध्ये.

हिशेब मांडा. सर्वसाधारण कट-ऑफ, म्हणजे त्यानंतर शर्यतीतून बाद, असे: पोहणं 2 तास 20 मिनिटं, सायकल संपवायला शर्यतीच्या सुरुवातीपासून 10 तास 30 मिनिटं, एकूण 17 तास. 100 मीटरला पावणेतीन मिनिटं लावणारा 3.8 किलोमीटर पावणेदोन तासांत पोहतो. कपडे बदलायला दहा मिनिटं. सायकलला उरले साधारण 8 तास 35 मिनिटं, म्हणजे लघवी, पंक्चर सगळं धरून ताशी 21 किलोमीटरची सरासरी. अगदी काठावर उतरलात तरी मॅरेथॉनला जवळजवळ साडेसहा तास मिळतात. भराभर चालणाराही त्यात बसतो. आता सांगा, वेळ कुठे घालायचा?

आठ तासांतले चार-सव्वाचार सायकलला द्या. पोहणं दोनदा, 45-45 मिनिटं. धावणं दोनदा, एक 40 मिनिटांचं, एक सव्वा तासाचं. मधल्या वारी घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) एक तास: दहा मिनिटं हलकं, मग 20 मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये पाच मिनिटं सैल, शेवटी पाच मिनिटं सैल. तुकड्यात जोर एवढाच की बोलता येतं, पण वाक्य तुटतं. सुट्टीच्या दिवशी तीन तासांची राइड आणि उतरल्या उतरल्या 20 मिनिटं धावणं. त्या वेळी पाय लाकडाचे वाटतात, ते शर्यतीत पहिल्यांदा कळू नये.

आता पोट. नवख्याच्या शर्यतीत बहुतेक वेळा घडतं ते असं. पाण्यातून बाहेर येतो, नाडी चढलेली, गर्दीच्या नादात सायकलचा पहिला तास दामटतो. जोर जास्त म्हणून रक्त पायांकडे, आतड्याकडे कमी. खाल्लेलं पोटातच राहतं. तिसऱ्या तासाला भूक नाही म्हणून खाणं चुकतं. पाचव्या तासाला ताकद संपते, मग घाबरून दोन जेल (साखरेच्या घट्ट पाकाच्या पुड्या) एकदम आणि वर गोड पेय. हे मिश्रण इतकं घट्ट होतं की पोट ते पुढे सोडत नाही. पाणी डचमळतं, मळमळतं, आणि मॅरेथॉनच्या पहिल्या पाच किलोमीटरांत उलटी. लोक मग म्हणतात, ‘धावणं कमी पडलं.’ धावणं कसलं कमी पडतंय!

उपाय साधा, पण कंटाळवाणा. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. दहाव्या मिनिटापासून खाणं सुरू, घड्याळात दर 15 मिनिटांनी गजर. लक्ष्य तासाला 60 ग्रॅम कार्ब्स, पुढे सोसलं तर 80. नुसतं ग्लुकोज तासाला 60 ग्रॅमच्या आसपास अडतं; फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्यामुळे त्यापुढचं मिश्रणातूनच जातं. साध्या साखरेत दोन्ही असतात. 750 मिली पाण्यात पाच सपाट टेबलस्पून साखर (साधारण 60 ग्रॅम) आणि पाव टीस्पून मीठ (साधारण 600 मिलिग्रॅम सोडियम), ही एका तासाची बाटली. जेल घेतलंत तर त्याच्यासोबत साधंच पाणी, गोड पेय नाही. आणि हे शर्यतीच्या आठवड्यात नाही, आजपासून: लाँग राइडला तासाला 30 ग्रॅमपासून सुरू करा, दर दोन आठवड्यांनी दहा वाढवा. पोटालाही सराव लागतो. नुसतं पाणी ढोसत बसू नका. रक्तातलं सोडियम पातळ होतं, बोटं सुजतात, डोकं दुखतं, आणि लोक त्यावर आणखी पाणी पितात.

सीटची उंची: टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्या, गुडघा सरळ झाला पाहिजे. नेहमीसारखं पाऊल ठेवल्यावर तो आपोआप थोडा वाकतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, वर असेल तर मागे. महागडं चाक घेण्याआधी हे करा.

पोहण्याबद्दल एवढंच: तलावातल्या 3.8 किलोमीटरना उघड्या पाण्यातली खात्री समजू नका. तिथे भिंत नसते, तळ दिसत नाही आणि शेजाऱ्याची लाथ बसते. चार-पाच वेळा तरी सोबत घेऊन उतरा. दर आठ-दहा हातांनी मान वर करून दिशा बघायची सवय लावा.

एक राहिलंच. आठ तास पहिल्या आठ-नऊ महिन्यांना पुरतील. शेवटच्या तीन महिन्यांत लाँग राइड पाच-सहा तासांवर जाते, तेव्हा काही आठवडे 11-12 तास लागतील. शेवटचे दोन-तीन आठवडे परत कमी. ते 11-12 तासांचे आठवडे घरात आत्ताच ठरवून घ्या. ते जमत नसतील तर यंदा 113 किलोमीटरची अर्धी शर्यत करा, त्यात काही कमीपणा नाही. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयाचा इतिहास असेल, तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडे जा, नंतर नाही.

आणि तुमच्या रनिंग ग्रुपने विचारलं तर ताशी 21 चा हिशेब त्यांनाच करायला सांगा.