औषध 'मानवलं' म्हणजे काय?

प्रश्न: माझे भावजी पेडण्याला असतात, कॅन्सर आहे, दोनदा केमो बदलली तरी गाठ वाढतेच आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी आता फेज वन ट्रायलचं विचारलंय, म्हणाले आधीच्या पेशंटना औषध चांगलं मानवलंय. म्हणजे साइड इफेक्ट नाहीत असं समजायचं का? भावजी दुखलं तरी बोलत नाहीत, म्हणून विचारते.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: नाही हो, तसं अजिबात समजू नका. फेज वन म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा, त्यात मुळात डोस किती द्यायचा तेच शोधत असतात. जुनी पद्धत अशी, की तिघांना एक डोस द्यायचा, पहिल्या सायकलमध्ये, म्हणजे औषधाच्या पहिल्या फेरीत (बहुतेक २१ किंवा २८ दिवस) कुणालाच मोठा त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वाढवून द्यायचा, एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघं घ्यायचे, दोघांना झाला की वाढवणं बंद. तेव्हा भावजी कितव्या डोसवर येणार ते पहिलं विचारा.

आता 'मोठा त्रास' कुठला? त्रासाच्या १ ते ५ ग्रेड असतात, ५ म्हणजे मृत्यू. जुलाब रोजच्यापेक्षा ४ ते ६ वेळा जास्त झाले तर ग्रेड २, ७ किंवा जास्त झाले की ग्रेड ३, आणि डोस ठरवताना साधारण ग्रेड ३ पासूनचंच मोठं धरतात. म्हणजे दिवसाला पाच वेळा जास्त पळणारा माणूस कागदावर ठीकच दिसतो, त्यालाही औषध 'मानवलं' म्हणतात, पण त्याला कदंबाच्या बसमध्ये बसून पेडण्याहून पणजीला जायला सांगा बघू! त्यात आताच्या बऱ्याच गोळ्या रोज, महिनोन्‌महिने घ्यायच्या असतात, तिथे हे बारीक बारीकच माणसाला पोखरतं. एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये 'प्रोजेक्ट ऑप्टिमस' सुरू केलं ते याचसाठी, सोसेल तेवढा जास्तीत जास्त डोस हे गणित सोडा म्हणून.

भावजींसारखे गप्प बसणारे खूप असतात, सांगितलं तर ट्रायलमधून काढतील ही भीती. खरं तर बऱ्याचदा औषध थोडे दिवस थांबवतात किंवा डोस कमी करतात. आणि ते लपवतील तर पुढच्या तिघांना वाढीव डोस जाईल, हे त्यांना स्पष्ट सांगा, स्वतःसाठी नाही तर त्यांच्यासाठी तरी बोलतील. ताप १००.४ ला गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी ट्रायलच्या नंबरवर फोन करायचा.

सही करण्याआधी विचारायचं अजून एक, तपासणीला किती वेळा बोलावणार आणि गाडीभाडं कोण देणार. कधीही बाहेर पडता येतं, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट करायचे असं आपल्या देशातले ट्रायलचे २०१९ चे नियम सांगतात.

एक वही करा, पेज पोटात राहिली का, झोप लागली का, किती वेळा जावं लागलं, सगळं तारखेसकट. वही ताईकडे द्या, भावजींकडे नको.