खुल्या समुद्रातलं संरक्षित क्षेत्र: आधी कलम २२ वाचा

कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेर, दोनशे सागरी मैलांपलीकडे असलेल्या एका सागरी पर्वताभोवती संरक्षित क्षेत्र व्हावं म्हणून तुमच्या अभ्यासगटानं तीन वर्षं खपून प्रस्ताव तयार केला. खुल्या समुद्राच्या करारातला (देशांच्या हद्दींबाहेरच्या सागरी जैवविविधतेचा संयुक्त राष्ट्रांचा करार) एक सदस्य देश तो सदस्य देशांच्या परिषदेत मांडायला तयार आहे. तिथं तीन चतुर्थांश मतं मिळाली की तळ खरवडणारी मासेमारी थांबेल ना, असं तुम्ही विचारता. हा करार १७ जानेवारी २०२६ ला लागू झाल्यापासून हाच प्रश्न अनेकजण विचारताहेत.

मतांचा हिशेब सध्या बाजूला ठेवा. सगळं अडतं ते कराराच्या कलम २२ मध्ये. एखादा उपाय दुसऱ्या आंतरराष्ट्रीय किंवा प्रादेशिक संस्थेच्या अखत्यारीत येत असेल, तर सदस्य देशांची परिषद तिला शिफारस करते, तिच्यावर कुरघोडी करू शकत नाही. मासेमारी बहुतेक ठिकाणी प्रादेशिक मत्स्यसंस्थेकडे, म्हणजे त्या भागातल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या संघटनेकडे असते. म्हणजे नकाशावर रेषा परिषद आखेल, जाळ्यांवर बंदी मात्र ती संस्था घालेल. आणि तुमच्या मसुद्यात तिचा साधा उल्लेखही नाही! तीन वर्षांत तिच्या एकाही बैठकीला कुणी गेलं नाही, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. जाळ्याचे जड लोखंडी फाळके एकदा तळावरून फिरले की शेकडो वर्षं वाढलेलं प्रवाळ मोडतं. मग कुठलाही ठराव ते परत आणत नाही.

त्या संस्थेत निर्णय एकमतानं होतो की बहुमतानं, ते आजच नियमावलीत पाहा. एकमताची अट किती जाचक असते ते अंटार्क्टिकात दिसतं; तिथल्या सागरी सजीवांचं रक्षण करणारा आयोग एकमतानंच निर्णय घेतो. रॉस समुद्राचं सुमारे साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०१६ मध्ये मंजूर झालं, तेही ३५ वर्षांच्या मुदतीनं. पूर्व अंटार्क्टिकाचा प्रस्ताव मात्र दशकाहून अधिक काळ अडकून पडला आहे.

तुमचा प्रस्तावक देश मत्स्यसंस्थेचाही सदस्य असेल, तर बंदीचा वेगळा मसुदा तिथं आत्ताच मांडायला सांगा. प्रवाळाच्या नोंदी खोली आणि अक्षांश-रेखांशांसह आधी तिच्या वैज्ञानिक समितीकडे जाऊ द्या.

परिषदेच्या निर्णयावर १२० दिवसांत कुणी हरकत घेईल का, हे आज सांगता येणार नाही. करारात नसलेल्या देशाच्या ध्वजाखालची जहाजं मात्र या निर्णयानं बांधली जात नाहीत, एवढं नक्की.

संस्थेच्या सदस्य देशांची यादी आणि वैज्ञानिक समितीकडे कागद देण्याची शेवटची तारीख मला कळवा. ती तारीख उलटली असेल, तर एक वर्ष गेलंच म्हणून समजा.